दादाचं आयुष्य बदललं, हे मान्य. पण तेवढ्यावरून ख्रिस्ती धर्म खरा ठरतो का?

अर्धवट_संशयी:

आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे आणि तो काही केल्या मिटत नाही, म्हणून इथे टाकतेय.

माझा मोठा भाऊ दारूत पुरता बुडाला होता. नोकरी गेली, वहिनी मुलीला घेऊन निघून गेली, उपचार केंद्राच्या वाऱ्या झाल्या, आईने देव पाण्यात घालून झाले. मग एका जुन्या सहकाऱ्याबरोबर तो प्रार्थनेला जायला लागला आणि पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. दारू सुटली. पुष्कळांची सुटते, नुसतं तेवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. पण एका संध्याकाळी तो शंभरपानी वही घेऊन आला. पानापानावर एकेक नाव आणि त्याखाली त्या माणसाकडून काय उचललं, काय थाप मारून घेतलं, किती घेतलं. आईची सोनसाखळी कधी विकली ते पहिल्याच पानावर. माझ्याही नावाचं पान होतं आणि त्यातल्या दोन ओळी मला तोवर माहीतच नव्हत्या. त्याने कबूल केल्या नसत्या तर कधी कळल्याही नसत्या. आता जमेल तसे पैसे परत करतो, दिले की त्या ओळीवर रेघ मारतो आणि समोरच्याची सही घेतो. (सही घेणं मला जरा अतीच वाटतं, पण तो ऐकत नाही.)

त्याचं म्हणणं सरळ आहे. "मी मेल्यात जमा होतो, आज उभा आहे. ख्रिस्त उठला नसता तर मी कुठून उठलो असतो? तुला आणखी काय पुरावा हवा?"

मी ऑडिटमध्ये काम करते. आमच्याकडे आकडे जुळणं वेगळं आणि व्यवहार खरोखर झालेला असणं वेगळं. ताळेबंद सुंदर जुळतो आणि मागे व्हाउचरच नसतं, असं आम्ही नेहमी बघतो. दादाचे आकडे जुळलेत, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. पण त्यावरून व्यवहार झाला असं म्हणायचं का? आणि म्हणायचंच तर नेमका कुठला? देव आहे, येशू देवाचा पुत्र आहे, तिसऱ्या दिवशी तो कबरेतून उठला, या तीन वेगवेगळ्या नोंदी आहेत. दादा एका सहीत तिन्ही पास करून घेतो.

धर्मांतराचं राजकारण कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

थेट_बोला:

प्लासिबो. गोळीत काही नसतं तरी माणसाला बरं वाटतं. भावाचं मनापासून अभिनंदन, पण विषय इथेच संपतो.

अर्धवट_संशयी:

इतक्यात संपला असता तर विचारलंच नसतं. प्लासिबोने दुखणं थांबतं हे ऐकलंय. प्लासिबोने कोणी चोऱ्यांची यादी लिहून काढलेली ऐकली नाही.

रात्रपाळी:

व्यसनमुक्तीच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. ताई, तुमचं बरोबर आहे, प्लासिबो हा शब्द इथे लागू पडत नाही. पण वहीचं कोडंही तेवढं अवघड नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी काढलेली संघटना, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या दोन्ही संस्थापकांचा त्याआधी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीशी संबंध आला होता. दुसऱ्यासमोर कबुली देणं, ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई देणं, हे सगळं तिथून आलं. दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांमधली आठवी पायरी म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं आणि नववी म्हणजे शक्य तिथे भरपाई करणं. तुमच्या दादाची वही या दोन पायऱ्यांत तंतोतंत बसते. मुळात ही कल्पना त्याहून फार जुनी आहे. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, जकातदार जक्कय चौपट परत द्यायला निघालाच होता ना?

आता पुढचं ऐका. या मंडळींनी पायऱ्या लिहून काढल्या तेव्हा देवाच्या जागी "आम्हाला समजला तसा देव" असं घातलं. येशूचं नाव नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. तरीही ते चाललं. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, काही ठिकाणी सरस ठरले. मग पुनरुत्थान ज्यातून वगळलं त्यातही गुण येत असेल, तर गुण पुनरुत्थानामुळेच येतो हे कशावरून? मला दिसतं ते असं की कबुली, परतफेड, दर आठवड्याला "कुठे होतास?" म्हणून विचारणारी चार माणसं आणि आपल्यापेक्षा मोठ्या कशाला तरी शरण जाणं, एवढं जुळलं की पुष्कळदा काम होतं. नामस्मरणाने सुटलेले मी पाहिलेत, विपश्यनेने सुटलेले पाहिलेत आणि निव्वळ पोरीच्या धाकाने सुटलेला एक तर कट्टर नास्तिक होता.

आणखी एक, जे प्रार्थनासभेत कोणी बोलत नाही. साक्ष द्यायला उभा राहतो तो सुटलेला. रविवारी रडून प्रार्थना केली आणि बुधवारी गुत्त्यावर गेला, त्याला माइक कोण देणार? तो मागच्या मागे येणं बंद करतो. त्यामुळे सभेत बसून बघणाऱ्याला वाटतं, इथे आलेला प्रत्येक जण सुटतो.

दादाला म्हणावं, प्रार्थना सोडू नकोस. तपासणीत पुढे काहीही निघो.

शक्यता_आणि_शंका:

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे "पुरावा आहे की नाही" हा प्रश्नच मला खटकतो. पुराव्याचं वजन किती, असं विचारा. वजन काढायची रीत एकच: दावा खरा असता तर ही गोष्ट घडण्याचा संभव किती आणि खोटा असता तर किती?

थेट_बोला, तुम्ही वजन शून्य धरलंत, ते चालणार नाही. बदलाचं भाकीत हा धर्म स्वतःच करतो. ख्रिस्तात आला तो नवी उत्पत्ती, असं पौल, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा अगदी सुरुवातीचा प्रचारक, लिहितो. त्याने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर आत्म्याच्या फळांची यादीच आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, शेवटी इंद्रियदमन. दोन हजार वर्षांत एकही माणूस बदलला नसता तर तुम्हीच पहिल्यांदा म्हणाला असता, "बघा, दावा फोल निघाला." बदल न दिसणं जर विरुद्ध जमेस धरायचं, तर दिसणं थोडंतरी बाजूने धरावंच लागेल. दोन्हीकडून मारता येणार नाही.

पण हे "थोडं" म्हणजे किती, ते दुसऱ्या बाजूवर अवलंबून आहे. शिकवण खोटी असतानाही असेच बदल होत असतील तर वजन झपाट्याने घसरतं. इथे मला अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता मॅल्कम एक्स फार महत्त्वाचा वाटतो. चोरी, अमली पदार्थ, १९४६ पासून तुरुंग. तिथे नेशन ऑफ इस्लाम या संघटनेची शिकवण मिळाली आणि माणूस मुळापासून बदलला. व्यसनं सुटली, वाचन वाढलं, शिस्त आली. त्या शिकवणीत गोरा वंश याकूब नावाच्या एका शास्त्रज्ञाने तयार केला, हीसुद्धा गोष्ट होती. १९६४ मध्ये तो संघटनेतून बाहेर पडला, हज यात्रा केली आणि ती वंशाची शिकवण त्याने स्वतःच टाकून दिली. व्यसनं काही परत आली नाहीत. वाल्याच्या वाल्मीकीपासून अंगुलिमालापर्यंत असे बदल सगळीकडे सांगितले जातात, पण त्या कथा आहेत. हा विसाव्या शतकातला, नोंदलेला माणूस आहे आणि ज्या शिकवणीने तो बदलला ती चुकीची होती, ही साक्ष त्याचीच आहे.

मोठ्या आकड्यांतही हेच दिसतं. २०१६ साली अमेरिकेतल्या ७४ हजारांहून अधिक परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये सोळा वर्षांच्या काळात मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. बहुतेक जणी ख्रिस्ती होत्या. आकडा लहान नाही. पण त्यातला काही भाग आपल्या माणसांचा आधार, कमी धूम्रपान, कमी नैराश्य यांतून येतो, असं त्याच अभ्यासात आहे. याउलट माणसांचा आधार बाजूला ठेवून नुसती प्रार्थना तपासली तेव्हा काय झालं? २००६ ची चाचणी, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्यांत गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे प्रार्थना झाली काय, न झाली काय, सारखंच. आणि प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात ५९.

यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल, देव काही प्रयोगशाळेत हजेरी लावायला बांधलेला नाही. अगदी मान्य. पण मग दादाचंही उदाहरण प्रयोग म्हणून पुढे करता येणार नाही.

जुनी_घंटा:

आमच्या घरात तीन पिढ्या उपासनेला जातात, म्हणजे मी दादाची बाजू घेणार अशी अपेक्षा असेल. घेतो, पण अर्धीच.

आधी न घेतलेली अर्धी. "त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल" हे मत्तयातलं वचन अशा वादात हटकून येतं. ते सातव्या अध्यायात आहे, खोट्या संदेष्ट्यांना कसं ओळखायचं त्याबद्दल. तोच अध्याय चार-सहा ओळी पुढे वाचला की दुसरीच माणसं भेटतात. "प्रभू, प्रभू, आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, अद्भुतं केली," असं ती म्हणतात आणि उत्तर मिळतं, "माझी तुमची कधी ओळखच नव्हती." म्हणजे परिणाम दिसला की झालं, असं खुद्द तिथेही नाही.

पौल तर दादाच्या अगदी उलट्या दिशेने चालतो. त्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं तो रोखठोक लिहितो. "न का उठेना, तुमची आयुष्यं तर सुधारली ना," असं म्हणायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. करिंथमध्ये आयुष्यं सुधारलेले कित्येक होते, त्याच पत्रात त्याने तसं म्हटलंय. पण पुनरुत्थानाचा मुद्दा येतो तेव्हा तो त्यांना साक्षीला बोलावत नाही. तो नावं घेतो: केफा (म्हणजे पेत्र), येशूचे बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी मी. पटो न पटो, माणूस घटनेच्या साक्षीदारांवर बोलतोय.

आता ऑडिटवाल्या ताईंसाठी एक अवघड प्रकरण. जॉन न्यूटन, इंग्रज खलाशी. मार्च १७४८ मध्ये भर वादळात जहाज बुडायला आलं असताना त्याने देवाचा धावा केला आणि आपल्या परिवर्तनाची सुरुवात तो त्याच दिवसापासून मोजायचा. (त्याच साली डेव्हिड ह्यूम या तत्त्ववेत्त्याने छापून टाकलं की निरनिराळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांचा पुरावा खोडतात. योगायोग म्हणून सांगतो.) पुढे काय? न्यूटन गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. शिवीगाळ सुटलेली, दर रविवारी खलाशांना जमवून उपासना, आणि खालच्या तळघरात साखळदंडात जखडलेली माणसं. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. १७६४ ला चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली १७८८ मध्ये. वादळाला चाळीस वर्षं झाली होती!

मग फळ कोणत्या सालचं धरायचं? १७५० मध्ये तपासलं असतं तर भक्त कप्तान आणि त्याचा निर्धास्त धंदा दिसला असता. १७८८ मध्ये तपासलं तर पश्चात्ताप. दोन्ही वेळा श्रद्धा तीच होती.

आणि जमेची बाजू वाचायची तर नावे बाजूही वाचा. १०९६ मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेल्यांनी, ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची केलेली कत्तल, १०९९ ची जेरुसलेममधली कत्तल. १५५० मध्ये स्पेनमधल्या व्हायाडोलिडला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कसं वागवावं यावर वाद झाला. त्यांच्या बाजूने लास कासास, विरुद्ध सेपुल्वेदा, आणि दोघेही ख्रिस्ती विद्वान. यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "ते खरे ख्रिस्ती नव्हतेच." चांगला निघाला तो खरा ख्रिस्ती आणि वाईट निघाला तो खोटा, असं आधीच ठरवल्यावर तपासायला उरतं काय?

बरं, आता घेतलेली अर्धी. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना तिथल्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे काम चालायचं. अशा बायकांना कोणी इतक्या मायेने वागवतं, हे त्यांना नवं होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना सांगण्यात आली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे परिणामानेच त्यांना विचारायला भाग पाडलं. पण बाई नुसत्या भारावून थांबणाऱ्या नव्हत्या. त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), चर्चच्या अधिकारावरून त्यांनी त्याच सिस्टर्सशी पत्रांतून असा वाद घातला की समोरचे हैराण झाले. आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

उलट टोकाला रोमन सम्राट ज्युलियन. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे गेलेला. ३६२ च्या सुमाराचं त्याचं पत्र आहे: हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. परिणाम त्याने शत्रू असून मान्य केला. त्यातून निष्कर्ष काय काढला? आपणही धर्मशाळा बांधा.

मला यात दोघेही शहाणे वाटतात. परिणाम बघून "हे कुठून आलं?" असं विचारणं रास्त आहे. "ही शिकवण माणसाला बिघडवते" असा आरोप कोणी केला तर दादाची वही त्याला सरळ उत्तर आहे. यापलीकडे ती फार जात नाही. दादा स्वतःच्या आयुष्याचा पक्का साक्षीदार आहे, पण जेरुसलेमच्या कबरेपाशी तो नव्हता. माझी श्रद्धा ज्या कारणांवर उभी आहे ती वेगळी आहेत आणि ती इथे मांडत बसत नाही.

अर्धवट_संशयी:

जुनी_घंटा काका (वयाचा अंदाज चुकला असेल तर माफ करा), सगळा धागा दादाला वाचून दाखवला. रमाबाईंचं आवडलं, न्यूटनवर गप्प बसला. पण रात्रपाळी यांच्यावर त्याचा एक सवाल आहे आणि मला तो वाजवी वाटतो. तो म्हणतो, "नामस्मरण मीही करून बघितलं होतं. केंद्रात बारा पायऱ्याही झाल्या, यादीही करायला लावली होती, तेव्हा खोटीच लिहिली. तेव्हा का नाही सुटली? एकाच माणसावर सगळे उपाय झाले आणि एकच लागू पडला, मग?"

शक्यता_आणि_शंका:

सवाल चांगला आहे, फक्त त्यात एक फसगत आहे. लागू पडलेला उपाय नेहमी शेवटचाच असतो, कारण त्यानंतर माणूस पुढचा शोधत नाही. आधीच्या प्रयत्नांनी थोडं थोडं काही झालं असेल, वय वाढलं, मुलगी दुरावली, तर त्याचंही श्रेय शेवटच्याच्या खात्यात जातं. क्रम उलटा असता तर कदाचित आज तो नामस्मरणाची साक्ष देत असता. नसताही. एका माणसावरून ते सांगता येत नाही.

रात्रपाळी:

मी यात थोडी भर घालतो आणि ती दादाच्या बाजूने आहे. तेव्हा यादी खोटी लिहिली आणि आता खरी लिहिली, या फरकाचं उत्तर माझ्याकडे नाही. पेशंट खरं लिहायला नेमका कधी तयार होतो, हे आमच्या क्षेत्रात कोणालाच आधी सांगता येत नाही. दादा त्याला कृपा म्हणतो. मी फाइलवर "प्रेरणा वाढली" असं लिहितो. माझ्या शब्दाने जास्त उलगडा होतो, असा माझा दावा नाही.

थेट_बोला:

ठीक आहे, शून्य हा शब्द मागे घेतो. शून्याच्या जवळ म्हणतो.

अर्धवट_संशयी:

दादाचं यावरचं उत्तर: "माझं ऑडिट पुष्कळ झालं, आता पौलाच्या त्या पाचशे जणांचं कर." त्याने चेष्टेत म्हटलं, पण मी खरंच करणार आहे. सुरुवात कुठून करू?

जुनी_घंटा:

त्याच पंधराव्या अध्यायापासून. ते पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांचं. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल लिहितो, पण एकाचंही नाव देत नाही आणि चारही शुभवर्तमानांत या पाचशेंचा उल्लेख नाही. याला कमकुवत दुवा म्हणणारे अभ्यासक आहेत. आणि जिवंत माणसांचा हवाला देऊन "जा, विचारा" म्हणायला धाडस लागतं, असं म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजू वाचा. नवा धागा काढलात तर मी येतो.